‘किमान एक महिला’ म्हणजे ‘एकच महिला’ नव्हे

प्रश्न : मी सोलापूरची. बारा वर्षं एका खो-खो मंडळात मुलींना शिकवते, मंडळाची आजीव सभासदही आहे. तीन आठवड्यांपूर्वीच्या निवडणुकीत सचिवपदासाठी अर्ज भरला, तो छाननीत परत केला. ‘घटनेत महिलांची एक जागा आहे, ती भरली. सचिवाला रात्री-अपरात्री संघ घेऊन फिरावं लागतं, तुमचं घर कोण बघणार?’ असं अध्यक्ष म्हणाले. मुलांच्या प्रशिक्षकांना मानधनही माझ्यापेक्षा महिन्याला सहा हजार जास्त आहे. तक्रार केली तर माझ्या मुलींना संघातून वगळतील, ही खरी भीती. काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेला अर्जाचा फोटो मी मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईत ‘म. राखीव पाहा’ एवढा शेरा. खाली सही नाही, तारीख नाही, कुठल्या नियमाखाली अर्ज बाद केला त्याचा उल्लेख नाही. हा कागद तुमच्या हातात आहे हे फार चांगलं झालं. मूळ प्रत कुणालाही देऊ नका, मागितली तर झेरॉक्स द्या.

आता मुद्द्याचं. मंडळाच्या घटनेतलं जे कलम तुम्ही उतरवून पाठवलंत, त्यात ‘कार्यकारिणीत किमान एक महिला सदस्य असेल’ असं आहे. ‘किमान’ या शब्दाचा अर्थ कुणालाही कळतो. एकापेक्षा कमी नको, जास्त कितीही चालतील. शिवाय हे कलम कार्यकारिणीच्या सदस्यत्वाबद्दल आहे, पदांबद्दल नाही. सचिव पुरुषच हवा असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. आपल्या ग्रामपंचायतींचंच बघा. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने महिलांना ‘एक तृतीयांशापेक्षा कमी नाही’ इतक्या जागा दिल्या, महाराष्ट्राने पुढे त्या निम्म्या केल्या. म्हणून बाईला खुल्या जागेवर उभं राहता येत नाही का? येतं, आणि बायका निवडूनही येतात. राखीव जागा ही बाईला आत घेण्यासाठी असते. तिच्याच आधाराने बाकीची दारं लावून घेणं मला वकील म्हणून चूक वाटतं आणि माणूस म्हणून संताप आणतं.

घरचं कोण बघणार, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयासमोर याआधी येऊन गेलाय, तोही लष्कराकडून. १७ फेब्रुवारी २०२० च्या बबिता पुनिया निकालात महिला अधिकाऱ्यांना नेतृत्वाच्या पदांपासून सरसकट दूर ठेवणं न्यायालयाने अमान्य केलं. घरसंसाराची आणि शरीराची कारणं तिथे टिकली नाहीत. तो निकाल सरकारविरुद्धचा आहे, तुमच्या मंडळावर जसाच्या तसा लागू होणार नाही. तरी खाली सांगितलेल्या हरकतीत त्याचा उल्लेख जरूर करा. लष्करातल्या तुकडीबाबत जे कारण चाललं नाही, ते खो-खोचा संघ पुण्याला नेण्याबाबत कसं चालेल?

तुमची लढाई मुख्यतः धर्मादाय कार्यालयातली आहे. मंडळाच्या लेटरहेडवर ‘एफ’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे, म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० त्याला लागू. नवी कार्यकारिणी निवडली की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तीन आठवडे गेलेत, म्हणजे तो आला असेल किंवा येईल. सभासद म्हणून तुम्हाला त्यावर हरकत घेता येते. आधी कार्यालयातून शेड्यूल वनचा (तिथल्या मंडळाच्या नोंदीचा) उतारा आणि मंजूर घटनेची प्रमाणित प्रत काढा. हे अगदी पहिलं काम. मंडळाच्या कपाटातली घटना आणि तिथली घटना वेगळी निघाल्याची प्रकरणं मी स्वतः हाताळली आहेत. तोवर अध्यक्ष आणि निवडणूक अधिकारी दोघांना स्पीड पोस्टाने पत्र पाठवा : माझा अर्ज कोणत्या कलमाखाली बाद केला ते लेखी कळवा. उत्तर आलं तर ते पुराव्यात जाईल. नाही आलं तर पोस्टाची पोच जाईल. निकाल विरोधात गेलाच तर कलम ७० खाली ६० दिवसांत अपील आहे.

मंजूर घटनेत खरोखरच ‘सचिव पुरुष असेल’ असं निघालं तर मात्र काम अवघड आहे. मूलभूत हक्क खासगी संस्थेविरुद्ध सहसा थेट मागता येत नाहीत. क्रिकेट मंडळाच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मंडळ ‘राज्य’, म्हणजे सरकारी यंत्रणा, नाही असंच म्हटलं, पण सार्वजनिक स्वरूपाचं काम करणाऱ्या संस्थेविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करण्याची वाट मोकळी ठेवली. त्यासाठी आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचला सोलापूर जोडलंय. आधी धर्मादायकडे गेला होतात का, हे तिथे विचारतीलच.

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा, २०२५ बद्दलही तुम्ही विचारलंय. त्यात राष्ट्रीय संघटनांच्या जास्तीत जास्त पंधरा जणांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला सांगितल्या आहेत. तुमच्या मंडळावर त्याची थेट सक्ती नाही, त्यावर दावा उभा करू नका. पण वारं कुठून वाहतंय ते सभेत जरूर सांगा. १९२७ साली स्थापन झालेल्या भारतीय ऑलिंपिक संघटनेला पहिली महिला अध्यक्ष, पी. टी. उषा, डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत मुलींनी पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. अशा मुली घडवणारी बाई सचिवाच्या खुर्चीत चालत नाही, हे मला पटत नाही.

मानधनाचं थोडक्यात. समान कामाला लिंगावरून कमी मोबदला देणं १९७६ पासून बेकायदा आहे, आता ते वेतन संहितेच्या कलम ३ मध्ये आहे. ‘हे मानधन आहे, पगार नाही’ असं मंडळ म्हणेल. तुम्ही रोज ठरल्या वेळी येता, हजेरी लागते, दरमहा पैसे खात्यावर जमा होतात, हे बँकेच्या उताऱ्याने दाखवा. दुसऱ्या प्रशिक्षकांकडे एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) प्रशिक्षणाचा डिप्लोमा असेल तर फरकाला आधार मिळू शकतो, म्हणून ते आधी पाहून घ्या. तीन वर्षांच्या आतली थकबाकी मागता येते. हा अर्ज कामगार कार्यालयात जाईल. निवडणुकीच्या हरकतीत तो घालू नका.

अध्यक्षांचं बोलणं अपमानकारक होतं, तरी २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात ते बसेल असं मला वाटत नाही. मैदान त्या कायद्याने कामाचं ठिकाण आहे. छळाचं काही वेगळं घडलं असेल तर ते घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत तक्रार करा.

राहिली मुलींची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. निवड चाचणीत कुणी डूख धरला तर त्याच दिवशी तो सिद्ध करता येत नाही. म्हणून आजपासून एक वही ठेवा. प्रत्येक चाचणीची तारीख, कोण किती मिनिटं पळाली, किती गडी बाद केले, निवड समितीत कोण बसलं होतं. त्या पानावर हजर असलेल्या दोन पालकांच्या सह्या घ्या. पालकांना आधी विश्वासात घेऊन काय चाललंय ते सांगा, त्यांना ते दुसऱ्याकडून कळू नये. चांगली खेळणारी मुलगी वगळली गेली तर ती वही घेऊन जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे पालकांनीच लेखी तक्रार द्यावी. त्या अर्जावर तुमचं नाव नसलेलं बरं.