न्यूयॉर्कच्या डॉक्टरला टेक्सास शिक्षा करू शकतं का?
डॉक्टर न्यूयॉर्कमध्ये, पेशंट टेक्सासमध्ये आणि गर्भपाताच्या गोळ्या पोस्टाने आलेल्या. मग कायदा कुणाचा, असा तुमचा प्रश्न. दोन्ही राज्यं म्हणतात, आमचाच!

जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा विषय राज्यांवर सोडला. टेक्सासमध्ये बंदी आली, तर न्यूयॉर्कने २०२३ मध्ये दुसऱ्या राज्यातल्या पेशंटना गोळ्या पाठवणाऱ्या आपल्या डॉक्टरांना कवच देणारा कायदा केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्सासच्या कोर्टाने अशा गोळ्या पाठवल्याबद्दल न्यूयॉर्कच्या डॉ. मार्गारेट कार्पेंटर यांना लाखाहून जास्त डॉलरचा दंड ठोठावला. न्यूयॉर्कमधल्या काउंटी क्लार्कने (म्हणजे जिल्ह्याची कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने) तो निकाल दाखलच करून घेतला नाही. बंदी असलेल्या लुइझियाना राज्याने तर तिथल्या एका मुलीसाठी गोळ्या दिल्या म्हणून डॉ. कार्पेंटर यांच्यावर फौजदारी आरोप ठेवले, पण न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनी त्यांना सोपवायला साफ नकार दिला.

खरी मेख इथे आहे: राज्यघटनेनुसार सोपवायचा तो ‘पळून आलेला’ आरोपी. गुन्हा घडला म्हणतात तेव्हा जो लुइझियानात नव्हताच, तो पळाला कुठून?

डॉक्टरांचं नाव गोळ्यांच्या बाटलीवरच्या लेबलवर होतं, म्हणून न्यूयॉर्कने आता तिथे फक्त क्लिनिकचं नाव छापायची मुभा दिली आहे. मला जास्त काळजी वाटते ती लुइझियानातल्या त्या मुलीच्या आईची. मुलीसाठी गोळ्या मागवल्या म्हणून आरोप तिच्यावरही ठेवले गेले, आणि तिला असलं कुठलंच कवच नाही.