गेटचा स्कोअर हातात आल्यावर

एम.टेक.च्या प्रवेशासाठी गेट परीक्षा दिलीस ना? मग मार्क आणि स्कोअर यांत गल्लत करू नकोस. मार्क 100 पैकी, स्कोअर 1000 पैकी, आणि एम.टेक.चे कटऑफ स्कोअरवर लागतात. ‘क्वालिफाइड’ लिहून आलं म्हणजे आयआयटी मिळाली असंही नाही.

कोॲपवर, म्हणजे आयआयट्यांच्या ऑफर स्वीकारायच्या सामाईक पोर्टलवर, नाव नोंदवलं की अर्ज झाला, असं समजून दरवर्षी पोरं फसतात. अरे, तिथे फक्त ऑफर येतात. अर्ज प्रत्येक आयआयटीच्या पोर्टलवर वेगळा भरायचा. एनआयटीसाठी सीसीएमटी हे सामाईक कौन्सेलिंग निराळंच. कोॲपच्या पहिल्या फेरीत मनासारखी ऑफर नाही आली तर ‘रिटेन अँड वेट’ कर, म्हणजे आलेली ऑफर हातात ठेवून थांब. घाईत ‘ॲक्सेप्ट अँड फ्रीझ’ दाबलंस की पुढच्या फेऱ्यांवर पाणी सोडायचं.

पवईच, म्हणजे आयआयटी मुंबईच, हवी असेल तर आरएच्या (रिसर्च असिस्टंटच्या) जागाही बघ: एम.टेक.ला 3 वर्षं जातात, मुलाखतीत बेसिक्स पिळून काढतात, पण कटऑफ बहुधा खाली असतो. मला तरी तो सौदा वाईट वाटत नाही.