पेनसिल्व्हेनियातलं मॅगझिन, न्यू जर्सीतला गुन्हा

प्रश्न : मी पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला राहतो. ग्रीन कार्ड मिळून सहा वर्षं झाली. नागरिकत्वाचा अर्ज भरलाय, मुलाखतीची वाट पाहतोय. माझ्याकडे रीतसर विकत घेतलेलं एक पिस्तूल आणि १७ गोळ्यांची तीन मॅगझिन (पिस्तुलात बसवायच्या, गोळ्या भरलेल्या डब्या) आहेत. जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर आमच्या राज्यातही बंदी आणायचा प्रस्ताव आहे, असं ऐकतो. तसं झालं तर माझी मॅगझिन जप्त होतील का? आत्ताच विकून टाकू का? मी फक्त शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जातो. तिथून बरेचदा तसेच सहकुटुंब न्यू जर्सीतल्या एडिसनला मेहुण्याकडे जातो, तेवढंच. पुण्याहून शिकायला आलेला भाचाही कधी रेंजवर बरोबर असतो, त्यालाही नेम धरायला शिकवलंय.

उत्तर : प्रस्तावाचं उत्तर देतोच, पण तुमच्या ‘तेवढंच’पाशी मी थांबलो. रेंजवरून थेट एडिसनला जाता, म्हणजे पिस्तुलाची पिशवी गाडीच्या डिकीतच असते ना? तसं असेल तर तुम्हाला ज्या कायद्याची भीती वाटते तो तुमच्या राज्यात अजून आलेलाही नाही, पण डेलावेअर नदीपलीकडे, न्यू जर्सीत, तो केव्हाच लागू आहे. दर फेरीला तुम्ही तो मोडत होतात.

न्यू जर्सीत मॅगझिनची मर्यादा १९९० पासून १५ गोळ्यांची होती. २०१८ मध्ये ती १० वर आली. तिथे नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. दीड वर्षापर्यंत कैद आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तुमच्याकडे अशी तीन मॅगझिन आहेत. पिस्तुलाचं प्रकरण तर याहून जड आहे. पेनसिल्व्हेनियाचा परवाना न्यू जर्सी मानत नाही. रेंजवर जाण्या-येण्यासाठी सवलत आहे, पण मेहुण्याकडे जेवायला जाणं त्यात बसत नाही. विनापरवाना पिस्तूल बाळगण्याची शिक्षा ५ ते १० वर्षांची आहे. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई, आपला परवाना तिकडेही चालतो या समजुतीने नदी ओलांडून गेली. पोलिसांनी गाडी थांबवली तेव्हा पिस्तूल असल्याचं तिने स्वतःच सांगितलं आणि ती अटकेत गेली. पुढे २०१५ मध्ये गव्हर्नर क्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली.

केंद्राचा १९८६ चा प्रवास-संरक्षणाचा कायदा आहे की, असं रेंजवरचे मित्र सांगतील. आहे. पण जिथून निघालात आणि जिथे पोचणार आहात, त्या दोन्ही ठिकाणी ते शस्त्र बाळगणं कायदेशीर असेल तरच तो मधल्या राज्यापुरता आधार देतो. तुमचा तर मुक्कामच न्यू जर्सीत असतो.

आता ज्यासाठी मी हे इतकं कळकळीने लिहितोय ते. एखाद्या अमेरिकन नागरिकाला या चुकीबद्दल दंड झाला, तर तो भरून घरी येईल. तुम्ही नागरिक नाही. इमिग्रेशन कायद्यानुसार शस्त्र, त्याचा भाग किंवा जोडसाहित्य बेकायदा बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येतं, ग्रीन कार्ड असलं तरी. पिस्तूल त्यात बसतंच. नुसतं मॅगझिन बसतं का, यावर आम्ही वकील कोर्टात भांडू शकतो. पण ते भांडण तुमच्या संसाराच्या जिवावर व्हावं असं मला वाटत नाही. आणखी एक. सरकारी वकिलाशी तडजोड करून गुन्हा कबूल केला आणि सौम्य शिक्षा घेतली, तरी इमिग्रेशनच्या लेखी बहुतेक वेळा ती दोषसिद्धीच. कबुलीचा हा परिणाम अशिलाला समजावून सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलंय. तेव्हा कधी अटक झालीच, तर वकिलाला पहिलं वाक्य हेच सांगा : मी नागरिक नाही.

आता प्रस्ताव. हॅरिसबर्गमध्ये, म्हणजे तुमच्या राज्याच्या राजधानीत, अशी विधेयकं येत राहतात. दोन्ही सभागृहांत मंजुरी मिळून कायदा झाल्याशिवाय त्यांचा तुमच्यावर काडीचाही परिणाम नाही, आणि अधिवेशन संपेपर्यंत मंजूर न झालेलं विधेयक आपोआप बाद होतं. २०१९ मध्ये पिट्सबर्गने शहरापुरती बंदी घातली होती, पण शस्त्रांचे नियम करणं हा राज्याचा अधिकार, म्हणून कोर्टांनी ती उचलून धरली नाही. त्यामुळे आज घाईने विकायची गरज नाही.

विधेयक मंजूर झालंच, तर बातमीच्या मथळ्यावर जाऊ नका, कलम वाचा. बंदी विक्रीवर आहे की बाळगण्यावरही, एवढंच आधी शोधा. वॉशिंग्टन राज्याने २०२२ मध्ये विक्री आणि बाहेरून आणणं बंद केलं, आधीपासून जवळ असलेल्याला हात लावला नाही. न्यू जर्सीने २०१८ मध्ये उलट केलं. १८० दिवस दिले : मॅगझिन कायमचं १० गोळ्यांचं करून घ्या, निकामी करा, अधिकृत विक्रेत्याला विका, राज्याबाहेर न्या किंवा पोलिसांकडे द्या. ‘मी तर कायदेशीर घेतलं होतं’ हा बचाव तिथे चालला नाही, आणि फिलाडेल्फियातल्या केंद्रीय अपील न्यायालयाने तो कायदा त्याच वर्षी उचलून धरला (तो निकाल पुढे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द करून फेरविचारासाठी परत पाठवला). खरेदीच्या पावत्या मात्र आजच शोधून ठेवा. जुन्या मालाला सूट मिळाली तर तारीख त्यांच्यावरूनच सिद्ध होईल.

भाच्याला रेंजवर नेणं आजपासून बंद. विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे, आणि रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंही बाळगण्यातच मोजलं जाऊ शकतं. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद आहे, पण त्याच्याकडे तो असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेली आपली कितीतरी मुलं ऑफिसच्या सहलीत हौसेने रेंजवर जातात, त्यांनाही हेच लागू आहे. त्याने स्वतंत्र वकील गाठावा. तुमचा आणि त्याचा वकील एकच नको.

राहिली मुलाखत. नागरिकत्वाच्या अर्जात, अटक झाली नाही असा एखादा गुन्हा कधी केलाय का, असाही प्रश्न असतो. खोटं उत्तर अजिबात देऊ नका, पण आपल्या मनाने उत्तर तयार करूनही जाऊ नका. मुलाखतीआधी इमिग्रेशन आणि फौजदारी, दोन्ही जाणणाऱ्या वकिलासमोर बसा आणि किती फेऱ्या झाल्या, कधी, डिकीत काय होतं, सगळं सांगा. तारीख आधीच पडली तर ती पुढे ढकलण्याची विनंती करता येते. तोवर हे कुणालाही लिहू नका, व्हॉट्सअॅपवरही नाही. वकिलाच्या बंद खोलीतल्या बोलण्याला जे संरक्षण असतं, ते मला पाठवलेल्या या पत्रालाही नाही, म्हणून तुमची ओळख पटेल असं काहीच मी इथे ठेवलेलं नाही. आणि येत्या शनिवारी रेंजवरून आधी घरी जा, पिशवी कुलपात ठेवा, मगच एडिसनला निघा.