समोरच्या टेम्पोचा विमा संपलेला असेल तर भरपाई कोण देणार?
घोडबंदर रोडवर तुमच्या भावाला उडवणाऱ्या टेम्पोचा विमा संपलेला असला, तरी दावा बुडत नाही. मालक आणि ड्रायव्हर जबाबदार राहतातच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करा. मुदत अपघातापासून ६ महिने.

पण आधी पोलीस ठाण्याबाहेर उभा असलेला तो टेम्पो! विमा नसलेली गाडी मालकाने पुरेसं तारण दिल्याशिवाय कोर्टाने सोडू नये, असा नियम आहे. वकिलाकडून आजच लेखी हरकत नोंदवा. गाडी एकदा सुटली की पैसे काढणं फार जड जातं. निकालानंतरही मालकाने टाळाटाळ केली, तर न्यायाधिकरणाच्या दाखल्यावर जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करतात. हॉस्पिटलची बिलं, पगाराच्या स्लिपा जपा.