मागची पानं हळू उघडायलीत? पानं मोजू नका, खूण ठेवा

परभणीच्या भावाने विचारलंय की कृषी सेवा केंद्राच्या बिलिंगमधी साडेतीन लाख बिलं झालीत, पहिलं पान झटक्यात येतंय पण जुन्या बिलांकडं गेलं की एकेक पान 3-4 सेकंद घ्यायलंय, तर मोठा सर्व्हर घ्यावा का. भाऊ, सर्व्हरवर पैसे घालू नका, दुखणं तिथं नाहीच.

तुमची क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडं केलेली मागणी, लिमिट 20 ऑफसेट 3 लाख अशी चालायलीय, म्हणजे 3 लाख ओळी सोडून पुढच्या 20 द्या. डेटाबेसला तीन लाखाव्या ओळीवर उडी मारता येत नाही. तो सुरुवातीपासून 3 लाख 20 ओळी काढतो, 3 लाख टाकून देतो आणि उरलेल्या 20 तुमच्या हातात ठेवतो. पोस्टग्रेस घ्या की मायएसक्यूएल, दोन्ही डेटाबेसमधी हेच. इंडेक्स, म्हणजे शोधायला क्रमानं लावलेली सूची, असला तरी मोजत मोजतच जावं लागतं, कारण इंडेक्समधी "12 मार्चचं बिल" लगेच सापडतं, "तीन लाखावं बिल कोणतं" हे सापडत नाही.

मोंढ्यातला मुनीम रोज वही पहिल्या पानापासून मोजत बसतो का? जिथं थांबला तिथं खूण घालून ठेवतो, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं. तसंच करा. पानावरच्या शेवटच्या बिलाची तारीख आणि आयडी (प्रत्येक बिलाचा वेगळा नंबर) जपून ठेवा, अन् पुढच्या पानाला ऑफसेट न देता "या तारखेच्या आणि आयडीच्या आधीची 20" एवढंच मागा. याला कीसेट पेजिनेशन म्हणतात. इंडेक्स दुकान, तारीख, आयडी या क्रमानं, तिन्ही मिळून एकच. मग पहिलं पान काय अन् दहा हजारावं काय, वेळ जवळपास सारखाच.

आयडी कामून पाहिजे? दिवाळीच्या आसपास एका तारखेला शेकड्यानं बिलं होतात. नुसत्या तारखेवर तोडलं तर त्या दिवसाची राहिलेली बिलं सगळी गायब, आणि एररसुद्धा येत नाही. पोस्टग्रेसमधी तारीख-आयडीची जोडी एकाच कंसात घालून तुलना करता येते आणि तो इंडेक्स नीट वापरतो. मायएसक्यूएलमधी ती जोडी चालते, पण तो इंडेक्स नीट वापरत नाही, तिथं फोडून लिहा: तारीख लहान, किंवा तारीख तीच आणि आयडी लहान.

वेळेपेक्षा मला जास्त लागलेली गोष्ट वेगळीच हाय. लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानासाठी मी असंच ऑफसेटवर हिशोबपट्ट्यांचं काम केलं होतं. सीझनमधी मुनीमजी एकेक पान बघून वहीत बेरीज मांडायलेत, तेवढ्यात शेजारच्या कॉम्प्युटरवर पोरानं नवी पट्टी टाकली. नवी पट्टी वर आली, सगळी यादी एक घर खाली सरकली, आणि पहिल्या पानावरची विसावी पट्टी, 18 कट्टे सोयाबीनची, दुसऱ्या पानावर पुन्हा पहिली म्हणून हजर. मुनीमजींनी ती दोनदा धरली. रात्री उशिरापर्यंत रोजमेळ जुळेना, आणि त्यांना वाटायलंय की आपलीच नजर चुकली. चूक माझ्या क्वेरीची होती. पट्टी डिलीट झाली असती तर उलटं झालं असतं, एक पट्टी दिसलीच नसती, आणि ते तर कुणाच्या लक्षातही येत नाही. खूण ठेवली की वर कितीही भर पडू द्या, तुमचं ठिकाण हलत नाही.

याच्यात "पान 57 वर जा" हे जमत नाही, हे आधीच सांगतो. पण गिऱ्हाईकाला पान 57 नको असतंय, त्याला मागच्या जूनमधलं बियाण्याचं बिल पाहिजे असतंय, म्हणून तारखेचा फिल्टर द्या. मागचं पान पाहिजे असेल तर तुलना आणि क्रम दोन्ही उलटे करून 20 आणा आणि दाखवताना पुन्हा सुलटे करा.

आणखी एक, "एकूण 3,50,412 बिलं" हे प्रत्येक पानावर मोजू नका, ती मोजणीच कधीकधी यादीपेक्षा जड पडते. 20 ऐवजी 21 मागा, एकविसावं आलं तर "पुढे" बटन दाखवा, नाही आलं तर नाही.

बदल केल्यावर क्वेरीपुढं एक्सप्लेन ॲनालाइज लावून बघा, डेटाबेसनं कुठं किती ओळी वाचल्या ते त्यात दिसतं. लिमिटच्या खाली प्रत्यक्ष वाचलेल्या ओळी 21 च्या आसपास दिसल्या पाहिजेत. तिथं लाखाचा आकडा दिसला तर इंडेक्स लागलेला नाही, बहुतेक ऑर्डर बायचा (क्वेरीत यादी लावायला दिलेला) आणि इंडेक्सचा क्रम जुळत नसंल, आधी तेच तपासा.