कॉकपिटमध्ये डॅशबोर्ड शोधू नका

प्रश्न : पहिल्या महायुद्धातल्या ‘अल्बाट्रॉस डी ५’ या जर्मन विमानाचं १:८ मापाचं लाकडी मॉडेल करतोय. कॉकपिटमध्ये वेग, उंची वगैरेंचे मीटर कोणत्या क्रमाने लावावेत? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : क्रम लावायला पॅनेल लागतं, आणि १९१७ च्या या विमानात ते नाहीच. मीटर सुटेसुटे, जागा मिळेल तिथे. वेगाचा मीटर तर यादीतून खोडाच. जर्मन लढाऊ विमानात तो सहसा नसे. वैमानिक इंजिनाचे फेरे बघे आणि ताणतारांतल्या (पंख ताणून धरणाऱ्या तारांतल्या) वाऱ्याचा आवाज ऐके.

नजरेसमोर, दोन मशीनगनच्या मध्ये, फेऱ्यांचा मीटर येतो. मर्सिडीज डी ३ इंजिनाची नेहमीची चाल मिनिटाला १४०० फेरे. स्कूटरच्या स्पीडोमीटरसारखी फिरती केबल इंजिनापासून मीटरपर्यंत येते. बरेच जण ती विसरतात आणि मीटर अधांतरी दिसतो. १ मिमी सोल्डरची तार वाकवून लावा. होकायंत्र खाली, उजव्या बाजूला. बंदुकांच्या लोखंडापासून जितकं लांब तितकं बरं. उंचीचा मीटर किलोमीटरमध्ये. त्यावर फूट छापलेत तर जाणकार लगेच पकडेल.

बाकीचं कॉकपिट मळ्यातल्या पंपाच्या खोलीसारखं : हातपंप, कॉक, नळ्या. पेट्रोल टाकीतल्या हवेच्या दाबाने पुढे जाई. सुरू करण्याआधी दाब हाताने भरायचा, मग इंजिनाचा पंप तो राखी. दाब पडला की कार्ब्युरेटर कोरडा. म्हणून दाबाचा मीटर हवाच.

मीटरच्या कड्या पितळी नळीच्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर १ मिमी जाडीच्या चकत्या कापून मिळतील. काचेसाठी पारदर्शक इपॉक्सीचा थेंब सोडा, पण आषाढ-श्रावणात नको. दमट हवेत त्यावर पांढुरकी, चिकट साय धरते. आतल्या प्लायवुडला रंग नाही, फक्त वॉर्निश.

प्रश्न : त्याच विमानाच्या दांड्याला (वैमानिक ज्याने विमान वळवतो त्याला) दोन मुठी का?

उत्तर : दोन्ही हातांनी धरता यावा म्हणून. बंदुकांची बटणं मधे, अंगठ्याखाली. बंदूक अडकली की हात मोकळे लागत, म्हणून दांड्याला एलेव्हेटर (विमानाचं नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) जागीच धरून ठेवणारी पकडही होती. मॉडेलवर ती जरूर दाखवा.

प्रश्न : फोकर तिपंखीला (एकावर एक तीन पंखांच्या जर्मन लढाऊ विमानाला) हेच कॉकपिट चालेल का?

उत्तर : नाही. तिथे अंग प्लायवुडचं नाही. वेल्ड केलेल्या पोलादी नळ्या, मधे ताणतारा, वरून कापड. इंजिन ११० अश्वशक्तीचं ओबरउर्सेल, सगळे सिलिंडर पंख्यासोबत गरगर फिरणारं. त्यामुळे पेट्रोल आणि हवा यांचे खटके वेगवेगळे करा, आणि वैमानिकाच्या दांड्यावर इग्निशन तोडायचं बटण द्या. उतरताना वेग कमी करायला ते थोडा थोडा वेळ दाबत. जास्त वेळ दाबून धरलं, तर न जळलेलं पेट्रोल इंजिनाच्या झाकणात साचे आणि पुढच्या ठिणगीला भडका उडे.