बोटीत जाताना काय घालू?

प्रश्न: ताई, डिसेंबरात आम्ही पाच जावा-नणंदा मालवणला जातोय. सिंधुदुर्ग किल्ला, मग देवबागला संगमावर बोटीतनं. फोटो भारी यायला हवेत म्हणून सगळ्यांनी पैठणी नेसायचं ठरलंय, पण सासूबाई म्हणतात की वेड लागलंय का. काय करू? – एक वाचक, पुणे

उत्तर: सासूबाईंचं ऐका, पैठणी कपाटातच राहू दे. खारं पाणी उडून रेशमावर डाग पडतात आणि काठपदराची जर काळी पडते ती वेगळीच. पण साडी नेसूच नका असं मी मुळीच म्हणणार नाही. कॉटनची नऊवारी नेसा, बिनधास्त! पाचवारीच्या निऱ्या बोटीत चढताना हमखास पायात येतात, नऊवारीचा काष्टा मारला की पाय मोकळे, आपल्या कोळणी उगाच नाही गुडघ्यापर्यंत घट्ट नेसत. पदर कमरेला नीट खोचायचा. नेसायला जमत नसेल तर शिवलेली घ्या, तीही चालते. शिफॉन-जॉर्जेट मात्र नकोच, वाऱ्यानं नुसतं उडत राहतं आणि फोटोत अर्धा वेळ तुम्ही पदरच धरलेला दिसता.

आता रंगाचं, कारण हे कुणी सांगत नाही. बोटीत लाइफ जॅकेट घालायचंच, आणि ते बहुतेक वेळा भडक केशरी असतं, म्हणजे फोटोत गळ्यापासून कमरेपर्यंत तेच दिसणार. त्याच्याशी गडद निळा, इंडिगो किंवा मोरपिशी काय सुंदर दिसतो! गुलाबी आणि लाल त्याच्याशी भांडतात. पांढरं पातळ कापड भिजलं की आरपार दिसतं, ते टाळा. मोठे झुमके जॅकेटच्या पट्ट्यात अडकतात, लांब हार आत दाबला जातो, म्हणून कानात कुड्या आणि केसांचा घट्ट अंबाडा, वर गजरा माळा की हवं तर. ब्लाउजचा गळा थोडा बंद असला तर जॅकेटची कड मानेला घासत नाही.

चपलांवर सगळ्यात जास्त लक्ष द्या. जेट्टीच्या पायऱ्यांवर शेवाळं असतं. कोल्हापुरी भिजली की घसरते, वाळली की कडक होते. मागे पट्टा असलेले रबरी सोलचे सँडल घ्या, वेलक्रोचे असले तर उत्तम, कारण किल्ल्यात शिवराजेश्वराच्या मंदिरात ते काढावे लागतात. आणि सकाळीच निघा, दुपारी खारा वारा वाढतो.

प्रश्न: ऑफिसची पार्टी यॉटवर आहे, गेटवेहून. फॉर्मल शूज चालतील? – एक वाचक, ठाणे

उत्तर: नको. काळ्या सोलचे डाग डेकवर पडतात, बऱ्याच यॉटवर तर शूज काढूनच ठेवायला लावतात, तेव्हा मोजे तरी फाटके नकोत. फिक्या रबरी सोलचे बोट शूज घ्या. 1935 साली अमेरिकेत पॉल स्पेरी यांनी आपला कुत्रा बर्फावरून न घसरता पळतो हे बघून, त्याच्या पंजावर असतात तशा बारीक चिरा सोलला पाडल्या, म्हणून ते ओल्या डेकवर पकड धरतात. सोबत लिननचा शर्ट, घोट्याच्या वर येणारी पँट आणि अंधार पडल्यावरच्या गार वाऱ्यासाठी एक हलकं जॅकेट, बास. टाय घरीच ठेवा.